ऊब, ओल आणि मोरावळा

भादवा लागला की माझा हेअर ड्रायर कपाटातून बाहेर निघतो. केस म्हणाल तर डोक्यावर नावापुरते उरलेत. माझी नात ईरा परवा दारात उभी राहून म्हणाली, "आजी, आंघोळीनंतर इतका वेळ ड्रायर कशाला लावतेस गं? केस तर केव्हाच सुकतात तुझे." मी म्हटलं, "केसांसाठी नाही तो. छातीखाली, पोटाच्या घडीत आणि जांघेत. गार हवेवर ठेवायचा, गरम नाही." पोरगी कानापर्यंत लाल झाली. मी नाही झाले. मला मधुमेह आहे, अंगाला घड्या आहेत आणि मुलुंडला पाऊस आहे. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कुणी तरी समजावून सांगा.

या दिवसांतली हवा मला वासावरून कळते. पाऊस दमलेला असतो, पण जात नाही. मधेच ऊन पडतं, जमिनीतून वाफ निघते आणि पुन्हा सर येऊन जाते. मीठ बरणीत गोळा होतं. पापड तळायच्या आधीच मऊ पडतात. दोरीवरचे कपडे हाताला गार लागतात आणि सुकलेत की ओले आहेत ते नक्की सांगता येत नाही, म्हणून मी गालाला लावून बघते. गाल खोटं बोलत नाही. ही सवय माझ्या बाबांची.

बाबांची म्हटल्यावर मला लगेच घाटकोपरची आमची चाळ दिसते. साठीचं दशक संपत आलं होतं. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. आई घरात. दोघंही मालवणाकडचे, त्यामुळे घरात मालवणी आणि दाराबाहेर मुंबईची मराठी. एक खोली, पुढे लांबलचक सामाईक गॅलरी, आणि गॅलरीच्या कठड्यापासून छपरापर्यंत सगळ्यांच्या दोऱ्या. पावसाळ्यात त्या गॅलरीतून माणूस वाकून चालायचा, नाही तर कुणाचं तरी ओलं लुगडं तोंडावर फटकन बसायचं.

माझी आई अंगानं भरलेली होती आणि फुगडीत तिचा हात धरायला बायका रांग लावायच्या. हे दोन्ही एकाच बाईत कसं, असं नवख्या माणसाला वाटायचं. गौरीच्या दिवशी दुपारी चाळीच्या चौकात फेर धरला की आई मधे. शेजारची पारूकाकी तिची जोडीदारीण, काडीसारखी बारीक. दोघी हात धरून मागे झुकल्या की चौक फिरतोय आणि त्या उभ्या आहेत असं वाटायचं. आई गाणी सांगायची, ठेका बदलायची, दमलेल्यांना शिव्या घालून उठवायची. वर्षभर ती चूल आणि मोरी यांच्यामधे असायची. ती दुपार मात्र तिची असायची, आणि ते बाबांनाही माहीत होतं.

त्या वर्षी श्रावणात बायका सरावाला जमायला लागल्या आणि आई गेली नाही. पारूकाकी दारात आली. आई म्हणाली, "माझे गुडघे दुखतत गो." दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "माका जमाचा नाय या वर्साक. तू दुसरी जोडीदारीण बघ."  आईचे गुडघे दुखत नव्हते, हे घरात राहणाऱ्या मला दिसत होतं. ती आमच्यापासूनही जरा लांब बसायला लागली होती. जेवताना खिडकीपाशी. मी जवळ गेले की उठून काही तरी कामाला लागायची. तिच्या अंगाला एक आंबूस वास यायला लागला होता, आणि तो आपल्याला येतोय म्हणजे सगळ्यांना येतोय हे तिला कळलं होतं.

मधुमेह तिला दोन-तीन वर्षांपूर्वी निघाला होता. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि गोड बंद सांगितलं होतं. आई शब्दाची पक्की. चहात साखर घालायची नाही, सणाला पुरणपोळीकडे बघायची नाही, घावन-घाटल्यातलं गोड घाटलं आमच्या पुढ्यात सरकवायची. खाज सुटायला लागली तेव्हा तिनं आणि बाबांनी मिळून ठरवलं की ही उष्णता. कोकणातल्या माणसाला तोंड आलं, डोळे चुरचुरले, अंगावर काही उठलं की ती उष्णता असते, त्यावर वाद नाही. उष्णतेवर उपायही ठरलेले. बाबा रोज कामावरून आले की पाय धुऊन पहिलं काम म्हणजे कपाटातली काचेची बरणी काढायचे आणि आईच्या तळहातावर चमचाभर गुलकंद ठेवायचे. सकाळी मोरावळा. दुपारी धण्याच्या पाण्यात खडीसाखर. मोरावळा बाबा थंडीत स्वतः करायचे, आवळे टोचण्यापासून पाकाच्या तारेपर्यंत, आईला शेगडीजवळ येऊ द्यायचे नाहीत. खाज वाढली की चमचा मोठा व्हायचा. आणि घडीत ओल राहू नये म्हणून आई तांदळाची पिठी लावायची. तिच्या दृष्टीनं ती काहीही चुकीचं करत नव्हती.

एका दुपारी ती दोरीवर लुगडं टाकायला हात वर करून थांबली. तसाच हात वर, तोंड आवळलेलं. तिच्या चोळीच्या खालच्या काठाला रक्ताचे बारीक ठिपके होते.

"आई, काय झालं तिथं?"

"काय्येक नाय. चोळी काचली."

"दाखव."

"आवशीचा आंग बघतंस? लाज नाय वाटत?"

मी दार लावून घेतलं. मी हट्टी होते, आजही आहे. ती पाटावर बसली आणि तिनं चोळीची गाठ सोडली. छातीखालची सगळी घडी लालभडक, ओली चकाकणारी, कडेला पांढरट, आणि मधोमध चिरलेली. कडेच्या बाहेर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खालीपण तसाच आसा." मग चोळी सावरत म्हणाली, "माझ्या आवशीक अशीच जखम झाली होती पायाक. साखरेची. भरली नाय ती. पाय गेलो, मगे ती गेली. आता माझी पाळी. बापसाक सांगू नको."

मी बाबांना संध्याकाळी ते चपला काढत असतानाच सांगितलं. तिला वचनबिचन काही दिलं नव्हतं. आई माझ्याकडे अशी बघत होती की आता हिला जेवायला मिळत नाही. बाबांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि म्हणाले, "चल."

स्टेशनच्या बाजूला एका लेडी डॉक्टरनं नवा दवाखाना टाकला होता. दोन बाकं, मधे हिरवा पडदा. बाबा पडद्याबाहेर बसले, मी आईबरोबर आत. डॉक्टरबाईंनी टॉर्च घेतला, घडी हलकेच उचलली, बघितलं, पोटाखाली बघितलं, जांघेत बघितलं. नाकाला पदर लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही. आई त्यांच्या तोंडाकडेच बघत होती, ते बघायलाच ती आली होती जणू.

"ही तुमच्या आईसारखी जखम नाही," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "आज तरी नाही. ही एक जातीची बुरशी आहे. आंबोळीचं पीठ आंबवता ना? ते कशानं फुगतं? ऊब हवी आणि ओल हवी. हिला ऊब, ओल आणि वर साखर लागते. पावसात तुमच्या घड्यांमधे तिन्ही आहे. पण हे असंच चिरत राहिलं तर त्यातून दुसरं काही तरी आत शिरेल, आणि मग तुम्ही म्हणता ती गोष्ट होऊ शकते. म्हणून आता लाज बाजूला ठेवायची. गोड काय खाता?"

"काय्येक नाय," आई ताठ बसून म्हणाली. "चायतसुद्धा नाय."

"बरं. आणि यावर औषध काय करत होतात?"

आईनं अभिमानानं सांगितलं. गुलकंद, मोरावळा, खडीसाखर. पडद्याबाहेरून बाबांचा आवाज आला, "मोरावळो मी सोता करतंय, डॉक्टरबाय. बाजारातलो नाय."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या हसल्या असत्या तर मला चाललं असतं. त्यांनी पडदा सारला, बाबांना आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की गुलकंद म्हणजे साखर, मोरावळा म्हणजे साखर, आणि ही पिठी म्हणजे त्या बुरशीला वाढलेलं जेवण. बाबा मान हलवत राहिले. त्यांच्या मांडीवर टोपी होती, ती ते गोल फिरवत होते. त्यांना तेव्हा काय वाटलं ते मला नीट माहीत आहे, कारण मीही तिथेच उभी होते आणि मला बाबांना मिठी मारावीशी वाटत होती. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

 घरी आल्यावर बाबांनी बरणी काढली, मोरावळा पारूकाकीच्या पोरांना दिला, गुलकंद मोरीत ओतला आणि बरणी गरम पाण्यानं दोनदा धुतली. आई म्हणाली, "अवो, बरणेर कित्याक राग काढतात?" बाबा बरणी पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या बरणीत बाबांच्या जुन्या मलमलच्या धोतराच्या पट्ट्या होत्या, सारख्या कापलेल्या, घडी घातलेल्या.

मग आमच्या घरात एक नवीनच कारखाना सुरू झाला. आईनं आंघोळ करून घड्या टिपायच्या, घासायच्या नाहीत. मग पंख्याखाली हात वर करून बसायचं. पंखा आमच्याकडे नव्हता, म्हणून मी पुठ्ठा हलवायचे आणि आई छताकडे बघून म्हणायची, "राणी झालंय मी." मग डॉक्टरबाईंनी दिलेलं जांभळं औषध कापसानं लावायचं. ते जिथं लागेल तिथं रंगवायचं. आई गळ्याखाली वांग्यासारखी दिसायला लागली. औषध सुकलं की घडीत मलमलची पट्टी ठेवायची, म्हणजे कातडीला कातडी लागत नाही. पट्टी दमट झाली की बदलायची, मग हातातलं काम कुठलंही असो.

पट्ट्या रोज लागायच्या आणि पावसात सुकायच्या नाहीत. इथं बाबांनी डोकं लावलं. लहान बाळाची लंगोटं सुकवायला गावाकडे करतात तसं त्यांनी गॅलरीत शेगडी पेटवली, निखारे राखेनं झाकले, वर बांबूची टोपली उपडी घातली आणि तिच्यावर आईच्या चोळ्या, पट्ट्या पसरल्या. कामावरून आले की पाय धुवायचे आणि शेगडीपुढे बसायचे. एकेक पट्टी उलटायची, गालाला लावून बघायची, झाली असेल तर बरणीत. आधी जो वेळ गुलकंदाचा होता, तो आता पट्ट्यांचा झाला.

चाळीत असं काही लपत नाही. जांभळे डाग पडलेल्या पट्ट्या आणि बायकोच्या चोळ्या शेकत बसलेला पुरुष, म्हणजे फुकट तमाशा. गॅलरीतून जाता जाता एक शेजारी म्हणाला, "काय रे, बाळंतीण आली काय घरात?" बाबा पट्टी उलटत म्हणाले, "होय. बाळ जरा मोठा आसा." दुसऱ्यानं विचारलं, हे जांभळं काय? बाबांनी सरळ सांगितलं, "औषध. बायलेच्या आंगाक ओलीन जखमा झाल्यात. तुझ्या बायलेक इचार, तिचे कपडे सुकतत काय." आई आतून ऐकत होती. तिनं कपाळावर हात मारला. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती जरा वेळानं बाहेर आली, बाबांच्या बाजूला गॅलरीत बसली आणि सगळ्यांसमोर पट्ट्यांच्या घड्या घालायला लागली.

दोन दिवसांनी पारूकाकी पदराखाली काही तरी घेऊन आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "भावोजींनू, माझी पण चोळी ठेवा जरा कडेक." मग समोरच्या खोलीतली. मग वरच्या मजल्यावरची एक नवी नवरी, तिला तर मधुमेहबिधुमेह काही नव्हता, नुसतीच ओल. कुणी कुणाला काही विचारलं नाही. टोपल्या दोन झाल्या. इतक्या बायका इतकी वर्षं ओल्या कपड्यांत खाजवत गप्प बसल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे माझ्या एकटीचंच आहे.

साखर बघायची पद्धत तेव्हा वेगळी होती. आज मी बोट टोचते आणि मशीन आकडा सांगतं. तेव्हा डॉक्टरबाईंनी एक निळं द्रावण आणि काचेची नळी दिली होती. निळ्यात आईच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, मग पिवळं, नारिंगी आणि सगळ्यात वाईट विटकरी. पहिल्या दिवशी नळी विटेसारखी लाल झाली. बाबा ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होते. पण दिवस जात गेले तशी नळी पिवळ्यावर आली. बाबा कामावर निघताना आई दारातून नुसती सांगायची, "पिवळा." आणि एक दिवस ओरडूनच सांगितलं, "हिरवा इला." जिन्यात माणसं वळून बघायला लागली. हिरवं काय आलं ते त्यांना कुठून कळणार.

घड्या फिकट झाल्या, चीर मिटली, वास गेला. आणि मग आईनं तेच केलं जे सगळे करतात. बरं वाटलं म्हणून पट्ट्या सोडल्या. गणपती चार दिवसांवर आणि सकाळी आंघोळ करून ती मोरीतून बाहेर आली ती रडतच. "परत इला गो. माझ्या नशिबातून जाऊचा नाय ता." तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा तिच्या आईचा गेलेला पाय होता.

मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी टॉर्च मारला आणि त्या चक्क हसल्या. "एवढंसं आहे. पहिल्या वेळी तुम्ही फाटेपर्यंत थांबलात, आता लाल होताच आलात. हे येणार, पुन्हा येणार, दर पावसाळ्यात येणार. तुम्ही ते आलेलं पहिल्या दिवशी ओळखायचं. लालसर दिसलं की त्याच दिवशी औषध, आणि बरं वाटल्यावरही काही दिवस चालूच. एवढं जमलं तर घाबरायचं कारण नाही."

आई म्हणाली, "डॉक्टरबाय, गौरीक फुगडी घालू?"

"घाला की. घाम आला की पुसा."

गौरीच्या दुपारी पाऊस उघडला होता. चौकात पाणी नव्हतं पण फरशी ओली होती, बायकांनी गोणपाटं टाकली होती. आई नऊवारी कासोटा मारून उतरली, गळ्याखाली जांभळी, आणि सरळ मधे जाऊन पारूकाकीपुढे हात केला. पारूकाकी म्हणाली, "गुडघे दुखतत ना तुझे?" आई म्हणाली, "तुझ्या जिभेक काय झाला नाय अजून?" आणि दोघी फिरल्या. मी आजपर्यंत पुष्कळ फुगड्या बघितल्या. तसली पुन्हा नाही बघितली. मी रडायला लागले, टाळ्या वाजवता वाजवता.

फेर ऐन रंगात असताना आईनं एकदम हात सोडले आणि "इलंय, थांबा" म्हणून ती आमच्या खोलीकडे चालायला लागली. बायका ओरडायला लागल्या, दमली, दमली म्हणून. मी मागोमाग गेले. खोलीत पडद्याआड बाबा उभे होते, हातात शेगडीवरून आत्ताच काढलेल्या ऊन पट्ट्या. आईनं घाम टिपला, पट्ट्या बदलल्या, पाणी प्यायली. "फुगडी बरी दिसता?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "हयसून नीट दिसत नाय, म्हणान खिडकीतून बघतंय." आई परत चौकात गेली आणि पारूकाकीला दमवून सोडलं.

त्यानंतर आई खूप वर्षं जगली. बुरशीनं तिची पाठ सोडली असं मुळीच नाही. दर भादव्यात ती एका सकाळी मोरीतून सांगायची, "इला गो ता," जसं गावचं कुणी यावं. बाबा शेगडी काढायचे. पुढे शेगडीच्या जागी इस्त्री आली, पंखा आला, जांभळ्या औषधाच्या जागी पांढरं मलम आलं. बरणी तीच राहिली. तिचे दोन्ही पाय शेवटपर्यंत तिचे होते, आणि तिच्या आईला जे झालं ते तिला झालं नाही. मला मधुमेह निघाला त्या दिवशी मी घरी येऊन फार काही केलं नाही, कपाटातली जुनी मलमल बाहेर काढली.

आई गेली तेव्हाही भादवाच होता. झोपेत, हृदय थांबून. पारूकाकी, मी आणि आणखी दोघी मिळून आम्ही तिला शेवटची आंघोळ घातली. पारूकाकी तोवर पार वाकली होती. तिनं आईची एकेक घडी उचलून पाणी घातलं आणि म्हणाली, "बघ गो, आंगावर एक डाग नाय हिच्या." बाकीच्या बायका घाईत होत्या, बाहेर माणसं खोळंबली होती. एक जण लुगडं घेऊन पुढे झाली.

तेवढ्यात बंद दाराबाहेरून बाबांचा आवाज आला. 

"घाई करू नकात. घडये नीट सुके करा तिचे."

मी बरणीतली पट्टी काढली, गालाला लावून बघितली, आणि टिपायला बसले.